मुलांची बोली: कुठे हसावं, कुठे कान टवकारावेत

"पोरगा फोनवर काय बोलतो ते कळत नाही. शब्द मराठीच असतात, पण अर्थ लागत नाही. विचारलं तर 'आई, तुला नाही कळायचं' म्हणतो. रागवावं, की सोडून द्यावं?" श्रीगोंद्यातले आणि काष्टी, बेलवंडी, मांडवगण, कोळगावकडचे पालक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. वर्गात मागच्या बाकावरून आलेल्या एखाद्या शब्दावर सगळी पोरं खिदळतात आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या सरांना त्यात काय हसण्यासारखं होतं ते कळत नाही. शिक्षकांची अडचण ही असते.

दहावी-बारावीनंतर आपली मुलं नगर, दौंड, पुण्याला शिकायला जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत नवीन शब्द घेऊन घरी येतात. जी जात नाहीत त्यांच्याकडे तेच शब्द मोबाइलवरच्या रील्समधून येतात. कोल्हापूरचा 'नाद खुळा' आणि मुंबईचा 'भिडू' आज श्रीगोंद्याच्या बसस्थानकावरही ऐकू येतो.

नुसत्या शब्दावरून काहीच ठरवू नका. तो कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि ज्याला बोलतो त्याचा चेहरा तेव्हा कसा होतो, हे पाहा. या लेखातला सगळा सल्ला याच पाहण्यावर उभा आहे.

आधी एक गल्लत दूर करा

'लय', 'न्हाय', 'व्हतं', 'कुठं चाल्लाय' ही टवाळ बोली नव्हे. ही घरची भाषा आहे, आजीकडून आलेली. पुष्कळ पालक आणि काही शिक्षकही दोन्हींना एकाच मापाने मोजतात आणि मुलाला म्हणतात, "गावठी बोलू नकोस." त्याचा परिणाम असा होतो की पोरगं वर्गात तोंडच उघडत नाही. ज्या श्रीगोंद्यात संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला, त्या गावच्या मुलाला आपल्या बोलीची लाज वाटावी, हे मला सहन होत नाही. पेपरात आणि मुलाखतीत प्रमाण मराठी लागते, ती जरूर शिकवा. पण घरची बोली पुसून नको.

टवाळ बोली वेगळी. ती मुलं मुलांसाठीच बनवतात आणि मोठ्यांना कळली की टाकून देतात. यातही नवीन काही नाही. तुम्ही लहानपणी 'च'ची भाषा बोललाच असाल: 'मला पाणी' म्हणायचं तर 'चलाम चाणीप'. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची रीतही जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. चारचौघांत बोलावं पण चारचौघांना कळू नये, ही गरज व्यापाऱ्याला होती आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही असते.

हे शब्द ऐकून खुशाल हसा

पुढचे शब्द कानावर आले तर काळजीचं कारण नाही. उलट त्यांतल्या काहींना दाद द्यावी, इतके ते नेमके आहेत.

- विषय हार्ड, नाद खुळा, एक नंबर, कडक, जाळ: हे सगळं कौतुक आहे. "भाजी जाळ झालीय" असं मुलगा म्हणाला तर भाजी करपलेली नाही, त्याला आवडली आहे.
- वाढीव: गरजेपेक्षा जास्त. लग्नात फेट्यावर गॉगल लावून घोड्यावर बसलेला नवरदेव वाढीव.
- पोपट झाला: चारचौघांत फजिती झाली.
- शाळा घेणे, फिरकी घेणे, खेचणे: थट्टा करणे. "आज सरांचीच शाळा घेतली" याचा अर्थ सरांना उचकवून मजा पाहिली.
- कल्टी मारणे: गुपचूप सटकणे.
- चमकोगिरी: फोटोत आणि स्टेजवर पुढे पुढे करणे. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द मोठ्यांनाही लागतो.
- बबड्या: आईने डोक्यावर चढवलेला, मोठा होऊनही हातपाय न हलवणारा मुलगा. 'अग्गंबाई सासूबाई' या मालिकेतलं हे लाडाचं नाव पोरांनी आणि सुनांनी सारखंच उचललं.
- छावी: मैत्रीण, बहुधा जिच्यावर मन बसलं आहे ती. मुलगा स्वतःच्या मैत्रिणीबद्दल प्रेमाने म्हणत असेल तर एक. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी मुलीला उद्देशून म्हणत असेल तर गोष्ट पार बदलते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

इंग्रजीतून आलेले 'क्रिंज' (बघवत नाही असं ओशाळवाणं), 'रिझ' (समोरच्यावर छाप पाडायची हातोटी), 'नो कॅप' (खोटं नाही बोलत) हेही याच यादीत घाला. 'रिझ' तर २०२३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. हे शब्द वर्षा-दोन वर्षांत शिळे होतात. पाठ करत बसू नका.

एक वाक्य उलगडून पाहू

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा सुट्टीत घरी आला आहे आणि ओट्यावर बसून फोनवर मित्राला सांगतो आहे:

"भावा, एम-थ्री उडाला. आता बॅक घेऊन बसायचं. वायडी नको व्हायला, नायतर पप्पा राडा करतील."

एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचा गणिताचा विषय. उडाला म्हणजे नापास. बॅक म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. वायडी म्हणजे 'इयर डाउन': इतके विषय राहिले की पुढच्या वर्गात प्रवेश नाही, अख्खं वर्ष वाया. बॅक लागली की मुंबईकडे 'केटी लागली' म्हणतात.

इथे शब्द हसवणारे आहेत, पण मजकूर पैशाचा आणि वर्षाचा आहे. वर्ष गेलं तर खोलीचं भाडं, मेसचे पैसे वाढतात आणि शिष्यवृत्तीही अडकू शकते. म्हणून शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी निदान बॅक, केटी आणि वायडी हे तीन शब्द ओळखून ठेवावेत. ऐकल्यावर काय करायचं?

१. त्याच क्षणी ओट्यावर जाऊन जाब विचारू नका. मित्रासमोर पोपट झाला तर पुढच्या वेळी तो फोन घेऊन मळ्यात जाईल.
२. रात्री जेवणानंतर निकाल बसून दाखवायला सांगा. निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकून दिसतो. तोंडी आकड्यावर विसंबू नका.
३. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, याचा नियम अभ्यासक्रमानुसार वेगळा असतो. तो महाविद्यालयाच्या कार्यालयातून विचारून घ्या, शेजाऱ्याच्या मुलावरून अंदाज बांधू नका.
४. "पप्पा राडा करतील" हे त्या वाक्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. तो विषयापेक्षा तुम्हाला जास्त घाबरलेला आहे. निकाल लपवण्याची सुरुवात इथूनच होते.

हे शब्द ऐकले तर थांबून विचारायचं

नशा. 'मावा' हा शब्द नगर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला मिठाईचा वाटतो. आपल्याकडे तो तंबाखू-सुपारीचा, हे तुम्हाला सांगायला नको. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणं आणि शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत ते विकणं, या दोन्ही गोष्टींवर २००३च्या कायद्याने बंदी आहे. टपरी शाळेला लागून असेल तर मुख्याध्यापकांकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करा.

याहून घातक शब्द म्हणजे 'बटन' (झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या), 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' (मेफेड्रोन), आणि गांजासाठी 'माल' किंवा 'स्टफ'. हे शहरातलं लोण आहे असं समजून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे भीमा ओलांडली की पलीकडे. मुलाच्या बोलण्यात असा शब्द आला म्हणजे तो घेतोच असं नाही. पण कोण घेतं, कुठे मिळतं, हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता मोठी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

जुगार. "आयडी आहे का?" हे ओळखपत्राबद्दल असेलच असं नाही. क्रिकेटच्या सट्ट्यातली 'आयडी' म्हणजे पैसे लावण्याचं ऑनलाइन खातं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५च्या कायद्याने बंदी घातली आहे. घरातून पाचशे-हजार सारखे गायब होत असतील आणि सामन्याच्या रात्री मुलगा गरजेपेक्षा जास्त अस्वस्थ असेल, तर बँकेचं पासबुक आणि यूपीआयचा हिशेब त्याच्याबरोबर बसून पाहा. खात्यातून फसवणुकीने पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

भाईगिरी. 'मॅटर झालाय' म्हणजे भांडण झालंय किंवा व्हायचं आहे. 'घोडा' म्हणजे पिस्तूल. 'कोयता' हा शब्द तर आपल्या तालुक्यात वेगळ्याच मानाचा: ऊसतोडीला आलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे 'एक कोयता', साखर कारखान्याच्या हिशेबातलं माप. तोच शब्द गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत टोळीचं नाव झाला आणि मुलं तो रीलमध्ये मिरवू लागली. कष्टाच्या हत्याराची अशी गत झालेली पाहून वाईट वाटतं.

काही मुलं मोटारसायकलवर किंवा स्टेटसला '३०२', '३०७' लिहितात. त्यांना हे सांगा की १ जुलै २०२४ पासून खुनाची आणि खुनाच्या प्रयत्नाची कलमं ती राहिली नाहीत. भारतीय न्याय संहितेत खुनाला १०३ आणि खुनाच्या प्रयत्नाला १०९ कलम आहे. पण त्याहून महत्त्वाचं सांगायचं ते असं: आपल्या भागातली शेकडो मुलं पहाटे उठून ग्राउंड मारतात, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करतात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. हत्यार हातात घेऊन टाकलेल्या रीलवरून गुन्हा दाखल झाला तर तो तिथे आडवा येतो. "तसला नाद सोड" म्हणण्यापेक्षा एवढी माहिती द्या. भरतीच्या मुलाला ती लगेच कळते.

मुलींना उद्देशून वापरलेले शब्द

यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण पालकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'आयटम', 'माल', 'सामान', 'पाखरू' हे शब्द मुलगा वापरतो आणि घरातले मोठे "वयच आहे" म्हणून हसतात. मुलीच्या कानावर रोज तेच शब्द पडतात तेव्हा ती रस्ता बदलते, क्लासची वेळ बदलते, आणि पुष्कळदा घरीच थांबते. खेड्यातून एसटीने शिकायला येणाऱ्या मुलीच्या घरी हे कळलं तर शिक्षण तिचंच बंद होतं, शब्द टाकणाऱ्याचं नाही.

कायदा इथे हसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतल्या पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) विशेष न्यायालयाने, अल्पवयीन मुलीचे केस ओढून तिला 'आयटम' म्हणणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा सुनावली. हा शब्द मुलीकडे भोगवस्तू म्हणून पाहणारा आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. घटना २०१५ सालची. म्हणजे एका दुपारच्या टवाळीसाठी सात वर्षं खटला चालला आणि शेवटी तुरुंग.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्यात लैंगिक हेतूने उच्चारलेला शब्द आणि केलेली खूणही बसते. मोठ्या स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

तुमच्या मुलीने असं काही सांगितलं तर:

- तिला पहिला प्रश्न "तू काय केलंस?" असा विचारू नका. "कधी, कुठे, कोण?" हे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.
- मेसेज आले असतील तर पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- शाळेत 'सखी सावित्री' समिती असते. राज्य शासनाने २०२२ साली ती शाळांना बंधनकारक केली. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.
- शाळेने "आपसात मिटवा" म्हटलं तरी पोलिसांकडे जाण्याचा तुमचा हक्क जात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत पोक्सोचा गुन्हा कळूनही तो न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे, शाळेसाठीसुद्धा.
- तिचं शिक्षण थांबवू नका.

आणि तुमचा मुलगा हे शब्द वापरत असेल तर त्याला एकट्याला बसवून, आवाज न चढवता सांगा. हे काम बापाने किंवा मोठ्या भावाने केलं तर जास्त लागू पडतं. आईला पुढे करून बापाने वर्तमानपत्रात डोकं घालू नये.

जातीवरून बनवलेल्या शब्दांनाही हाच नियम. ते थट्टेत म्हटले तरी थट्टा राहत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून हिणवणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 'ढोल्या', 'ढापण्या', 'टकलू' ही टोपणनावं कायद्यात बसत नसली तरी ज्याला ती चिकटतात त्याला विचारून पाहा. तो हसत असेल तर त्याचे डोळे पाहा.

विचारायचं कसं

पेडगाव आपल्याच तालुक्यातलं. वेड घेऊन पेडगावला जाण्याची कला मुलांच्या बाबतीत बरीच उपयोगी पडते. निरुपद्रवी शब्द कळला तरी कळला नाही असं दाखवा. त्यांची मजा त्यांना राहू द्या. मात्र वरच्या यादीतला शब्द असेल तर वेड घेऊ नका, सरळ विचारा.

- "हे काय घाणेरडं बोलतोस?" याऐवजी "याचा अर्थ काय रे?" असं विचारा. मुलाला शिकवायला आवडतं. सांगताना तो अडखळला तर समजा की कुठेतरी पाणी मुरतंय.
- तो शब्द स्वतः वापरायला जाऊ नका. पन्नाशीतले सर वर्गात "विषय हार्ड" म्हणाले की पोरांना ओशाळल्यासारखं होतं.
- चोरून मोबाइल तपासण्यापेक्षा, लहान मुलाच्या बाबतीत, "आठवड्यातून एकदा आपण दोघं बसून पाहू" असं आधीच ठरवा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवू नका.
- बोलण्याची ढब अचानक बदलली, किंवा बडबडा मुलगा गप्प झाला, तर शब्दांपेक्षा तिकडे लक्ष द्या. "कंटाळा आला जगायचा" हे चेष्टेत म्हटलेलं वाटलं तरी विचारा. मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

शब्दांवर बंदी घालायची का?

काही शिक्षक विचारतात, फळ्यावर बंदी घातलेल्या शब्दांची यादी लावावी का? लंडनमधल्या हॅरिस अकॅडमी अप्पर नॉर्वूड या शाळेने २०१३ साली हेच केलं. 'इनिट', 'एन्ट', 'बेअर' असे शब्द शाळेत बोलायचे नाहीत, अशी पाटीच लावली. मुलांना नोकरीच्या मुलाखतीत नीट बोलता यावं हा हेतू होता आणि तो चांगला होता. पण माझं मत बंदीच्या विरुद्ध आहे. शब्द बंद केला की दुसरा येतो आणि तो तुम्हाला ठाऊक नसतो.

त्याऐवजी वर्गात हे करून पाहा: मुलांनाच त्यांच्या शब्दांचा कोश करायला सांगा. शब्द, अर्थ, कोणासमोर चालेल, कोणासमोर नाही. चौथा रकाना भरताना मुलं स्वतःच भांडतात, आणि तोच खरा धडा. लंडनच्याच किंग्ज कॉलेजमध्ये टोनी थॉर्न हे भाषातज्ज्ञ तरुणांच्या बोलीचा संग्रह चालवतात आणि न्यायालयात अशा शब्दांचा अर्थ सांगायला त्यांना बोलावतात. इतकं गंभीर काम आपल्या सातवी-आठवीच्या वर्गातही सुरू करता येईल.

परदेशी नातवंडं असलेल्या आजी-आजोबांसाठीही एक गोष्ट. इंग्लंडमधला नातू व्हिडिओ कॉलवर तुमचा आंब्याचा रस 'सिक' म्हणाला तर तो आजारी नाही; रस झकास आहे. 'पेंग' म्हणजेही छानच. 'पीक' म्हणजे मात्र वाईट झालं. आणि तो कोणाला 'चॅव' म्हणत असेल तर त्याला थांबवा: तो शब्द गरीब वस्तीतल्या मुलांना हिणवण्यासाठी वापरतात.

हाताशी ठेवायचे हक्क आणि क्रमांक

- शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. घरची बोली बोलल्याबद्दल वर्गात उभं करून चिडवणं हा मानसिक छळच आहे, असं मी मानते. मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, दाद न मिळाल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.
- महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९: 'शाळा घेणे' वसतिगृहात हाताबाहेर गेलं तर ते रॅगिंग. यूजीसीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक १८००-१८०-५५२२. तक्रार मुलाने, पालकांनी किंवा मित्रानेही करावी.
- १८ वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. तातडीची पोलीस मदत ११२.

वसतिगृहात मूल ठेवताना रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही घेतात. बहुतेक पालक ते न वाचताच सही करतात. प्रवेश घ्याल तेव्हा ते वाचा, तक्रार समितीतल्या व्यक्तींची नावं आणि फोन नंबर तिथल्या फलकावरून उतरवून घ्या, आणि मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच्यादेखत साठवून द्या.